स्टेंट बसवल्यानंतर धमनीतला रक्तप्रवाह कसा मोजायचा आणि आकडे कसे वाचायचे

स्टेंट पूर्ण उघडला, डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) शेवटच्या फांदीपर्यंत सरसर गेला, रुग्णाची छाती दुखायची थांबली. बहुतेक कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते तिथे, केस इथेच संपते. पण अँजिओग्राम म्हणजे धमनीच्या आतल्या पोकळीची सावली. स्नायूपर्यंत रक्त किती पोहोचतं हे त्या सावलीत दिसत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिफाइन पीसीआय या अभ्यासात स्टेंटनंतर दाब मोजले, पण ते डॉक्टरांना दाखवले नाहीत. चित्र पाहून ‘यशस्वी’ ठरवलेल्या रुग्णांपैकी २४ टक्क्यांमध्ये दाबाची घट इस्केमियाच्या, म्हणजे स्नायूला रक्त अपुरं पडण्याच्या, पातळीलाच राहिली होती.

हा लेख कॅथ लॅबचे तंत्रज्ञ, परिचारिका आणि कार्डिऑलॉजी शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच होतो. दाबाचं गुणोत्तर, म्हणजे एफएफआर (धमनीच्या पुढच्या भागातला दाब, पीडी, भागिले महाधमनीतला दाब, पीए), मोठ्या धमनीबद्दल बोलतं. रक्तापेक्षा थंड सलाइनला तारेवरच्या सेन्सरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, आणि त्यावरून काढलेला आयएमआर, सूक्ष्म रक्तवाहिन्यांबद्दल बोलतो. दोघांची भाकितंही वेगळी असतात. एफएफआर कमी राहिला तर तीच धमनी घेऊन रुग्ण परत येण्याची शक्यता वाढते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आयएमआर जास्त राहिला तर हृदय कमकुवत होण्याची आणि मृत्यूची शक्यता वाढते. एक आकडा पाहून दुसऱ्याचा अंदाज करू नका.

कोणाचं काय मोजायचं

ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत, म्हणजे स्थिर अंजायनाच्या (श्रमाने छातीत दुखण्याच्या) रुग्णात, मुख्य प्रश्न मोठ्या धमनीचा असतो: स्टेंट नीट उघडला का, त्याच्या मागेपुढे काही राहिलं का. इथे एफएफआर किंवा आयएफआर (औषध न देता विश्रांतीत घेतलेलं गुणोत्तर), आणि सोबत पुलबॅक (तार मागे ओढत दाब पाहणं), एवढं पुरतं. लांब स्टेंट, एकापुढे एक दोन स्टेंट, धमनीभर पसरलेला आजार किंवा मधुमेह असेल तर मोजमाप टाळू नका.

तीव्र झटक्यात, म्हणजे ईसीजीतली एसटी रेषा वर गेलेल्या स्टेमीमध्ये, ज्या धमनीमुळे झटका आला तिचा एफएफआर लगेच मोजणं फसवं असतं. सूक्ष्म वाहिन्या गुठळीच्या कणांनी, सुजेने आणि आकुंचनाने बंद असतात. त्या उघडणारं औषध, अडेनोसिन, दिलं तरी त्या पुऱ्या उघडत नाहीत. प्रवाहच कमी, म्हणून अडथळ्यापाशी दाबही कमी पडतो, आणि एफएफआर खोटा चांगला दिसतो. अशा रुग्णात आयएमआर मोजा.

तारेशिवाय काय कळतं

प्रेशर वायर, म्हणजे दाब मोजणारी तार, प्रत्येक केसला परवडत नाही, हे खरं आहे. मग सिने फिल्ममधून जेवढं निघतं तेवढं तरी नीट काढा.

टिमी श्रेणी ० ते ३ (डाय किती पुढे, किती वेगाने जातो ते; ३ म्हणजे पूर्ण प्रवाह) सगळ्यांना पाठ असते आणि तिच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला जातो. टिमी ३ दिसत असूनही स्टेमीच्या पुष्कळ रुग्णांमध्ये नंतरच्या एमआरआयमध्ये सूक्ष्म वाहिन्या बंद सापडतात. त्यापेक्षा फ्रेम मोजणं बरं. गिब्सन यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही पद्धत अशी:

१. धमनीला नायट्रोग्लिसरीन दिलं असेल तर तशी नोंद करा. नायट्रेटने धमनी रुंदावते, डाय हळू सरकतो आणि फ्रेमची संख्या वाढते. आधीची आणि नंतरची फिल्म सारख्याच स्थितीत घ्या.

२. पहिली फ्रेम म्हणजे डायचा स्तंभ धमनीच्या तोंडाशी दोन्ही कडांना टेकून पुढे सरकू लागतो ती. नुसता धूर दिसला तर ती पहिली फ्रेम धरू नका.

३. शेवटची फ्रेम म्हणजे ठरलेल्या खुणेपाशी डाय पहिल्यांदा दिसतो ती. एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या बाजूची डावी धमनी) ही खूण टोकाला मिशीसारखी दुभागते ती जागा. सर्कमफ्लेक्समध्ये (मागे वळणारी डावी धमनी) सर्वांत लांब वाटेवरची शेवटची फांदी. आरसीएमध्ये (उजवी धमनी) पोस्टरोलॅटरल शाखेची पहिली फांदी.

४. मूळ पद्धत सेकंदाला ३० फ्रेमची आहे. तुमचं यंत्र १५ वर चालत असेल तर आलेली संख्या दुप्पट करा. ही चूक सर्रास होते आणि अगदी मंद प्रवाह ‘उत्तम’ म्हणून नोंदला जातो.

५. एलएडी लांब असते, म्हणून तिची संख्या १.७ ने भागा.

समजा १५ च्या वेगावर एलएडीमध्ये बाराव्या फ्रेमला डाय आत आला आणि चौतिसाव्या फ्रेमला टोकाशी पोहोचला. फरक २२, दुप्पट ४४, भागिले १.७ म्हणजे सुमारे २६. सामान्य मूल्य २१, तीन इकडेतिकडे. म्हणजे प्रवाह थोडा मंद आहे. नाडीचे ठोके वाढले की संख्या घटते आणि डाय हृदय शिथिल होण्याच्या सुरुवातीला सोडला तरी घटते, त्यामुळे दोन-तीन फ्रेमच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

मायोकार्डियल ब्लशसाठी, म्हणजे डाय स्नायूत पसरताना पाहण्यासाठी, फिल्म लांब चालू ठेवा. शिरांचा टप्पा दिसेपर्यंत पाय पेडलवर राहू द्या. आपल्याकडे ब्लश वाचता न येण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे फिल्म लवकर थांबवणं. डाय आल्यावर स्नायू दुधी होऊन नंतर स्वच्छ झाला पाहिजे. दुधीपणा आलाच नाही, किंवा पुढच्या इंजेक्शनपर्यंत रेंगाळला, तर दोन्ही वाईट. जोडीला ईसीजी पाहा. एसटी ७० टक्के किंवा अधिक खाली आला तर सूक्ष्म वाहिन्या बऱ्यापैकी चालू आहेत, ३० टक्क्यांहून कमी उतरला तर काळजीचं कारण आहे. ईसीजीला पैसे लागत नाहीत, तरी स्टेंटनंतर तासाभराने तो काढायचा राहून जातो.

अँजिओग्रामवरूनच दाबाचं गुणोत्तर काढणारी क्यूएफआर ही संगणकीय पद्धतही वापरात आली आहे. तिच्यासाठी किमान २५ अंशांच्या फरकाने घेतलेली, फांद्या एकमेकींवर न येणारी दोन चित्रं लागतात. हॉकआय अभ्यासात स्टेंटनंतरचा क्यूएफआर ०.८९ किंवा त्याखाली असलेल्या धमन्यांमध्ये पुढे जास्त त्रास झाला.

तारेने मोजण्याची तयारी

सहा फ्रेंचचा गाइडिंग कॅथेटर (धमनीच्या तोंडाशी बसणारी नळी, पुढे नुसतं ‘गाइड’) घ्या, बाजूला छिद्रं नसलेला. छिद्रं असतील तर महाधमनीचा दाब नेमका कुठला मोजला जातोय हे कळत नाही, आणि थर्मोडायल्यूशनमध्ये, म्हणजे थंड सलाइनच्या मोजमापात, सलाइनचा काही भाग महाधमनीत निसटतो. दाबाबरोबर तापमानही मोजायचं असेल तर अ‍ॅबटची प्रेशरवायर एक्स आणि कोरोफ्लो सॉफ्टवेअर लागतं. नुसता दाब मोजायला ऑप्टिकल तारा चालतात, त्या भरकटतातही कमी.

शक्य असेल तर प्रेशर वायरवरूनच बलून आणि स्टेंट करा. स्टेंट बसल्यावर नवी तार आत घालताना ती स्टेंटच्या जाळीमागून जाण्याचा धोका असतो. तशी गेली तर पुढचा बलून स्टेंट चिरडतो. तार बदलणं भागच असेल तर टोक वळवून, सैल गाठीसारखं करून आत न्या.

हेपरिन देऊन एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, २५० सेकंदांच्या वर ठेवा. धमनीत नायट्रोग्लिसरीन १०० ते २०० मायक्रोग्रॅम द्या. हे मोजमापाआधी दिलं नाही तर आकुंचन पावलेली धमनी आजारी म्हणून मोजली जाते.

आता अडेनोसिन. आपल्याकडची कुपी बहुधा २ मिलिलिटरमध्ये ६ मिलिग्रॅमची असते. शिरेतून मात्रा किलोमागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम. द्रावण मिलिलिटरला १ मिलिग्रॅम केलं, तर पंपाचा वेग म्हणजे वजन गुणिले ८.४, तासाला मिलिलिटरमध्ये. ७० किलोच्या रुग्णाला तो ५८८ येतो. आठ कुप्या, म्हणजे १६ मिलिलिटर औषध, आणि ३२ मिलिलिटर सलाइन मिळून ४८ मिलिलिटर होतात आणि ते पावणेपाच मिनिटांहून थोडं जास्त पुरतं. तुमचा सिरिंज पंप इतका वेग घेतो का हे केसच्या आधी तपासा. बरेच पंप तो घेत नाहीत, आणि हे नेमकं टेबलावर कळतं.

सुई कोपरापुढच्या मोठ्या शिरेत असू द्या, हात सरळ ठेवा. मनगटामागच्या बारीक शिरेतून औषध पूर्ण पोहोचत नाही. रक्तदाबाचा पट्टा त्याच हाताला बांधला असेल तर तो फुगला की औषध अडतं आणि आलेख मध्येच वर-खाली होतो. पट्टा दुसऱ्या हाताला, किंवा पायाला बांधा.

धमनीतून द्यायचं असेल तर एक कुपी ६० मिलिलिटरपर्यंत पातळ करा, म्हणजे मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम होतं. डाव्या बाजूला २०० मायक्रोग्रॅम, उजव्या बाजूला १००. पण हा परिणाम काही सेकंदांतच उतरतो. एफएफआरचा एक आकडा घेण्यापुरता तो बरा, पुलबॅक आणि तीन वेळच्या थर्मोडायल्यूशनला अपुरा. दम्याचा सक्रिय त्रास किंवा हृदयात दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा ब्लॉक असेल तर अडेनोसिन टाळा, निकोरँडिल २ मिलिग्रॅम धमनीत देता येतं. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद हे रुग्णाच्या घरच्यांना स्पष्ट सांगा. ‘उपाशी राहा’ म्हटलं की सकाळचा चहा त्यात धरला जात नाही, आणि कॅफीन अडेनोसिनचा परिणाम अडवतं.

पंप सुरू करण्याआधी रुग्णाला सांगा: “काका, आता दोन-तीन मिनिटं छातीत दडपल्यासारखं वाटेल, धाप लागेल, चेहरा गरम होईल. औषध बंद केलं की लगेच जाईल.” न सांगता सुरू केलं तर रुग्ण घाबरून हलतो आणि आलेख वाया जातो.

दाब मोजण्याच्या पायऱ्या

१. महाधमनीचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला लावा, उरोस्थीच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली. शून्य करा.

२. तारेचा सेन्सर टोकापासून ३ सेंटिमीटर मागे असतो, एक्स-रेत गडद दिसणारा भाग जिथे संपतो तिथे. तो गाइडच्या तोंडाबाहेर जेमतेम येईल असा ठेवा.

३. वाय-कनेक्टरमधली सुई काढा, झडप घट्ट करा. सुई राहिली तर तिथून गळती होऊन महाधमनीचा दाब कमी दिसतो.

४. गाइडमधला डाय सलाइनने धुवा आणि मग दोन्ही दाब समान करा.

५. सेन्सर स्टेंटच्या पुढे, धमनीच्या शेवटच्या तृतीयांशात न्या. किती आत नेला हे चित्रात साठवा. टोक बारीक फांदीत अडकवू नका.

६. शेवटचा बलून फुगवल्यानंतर काही मिनिटं जाऊ द्या. बलूनने रक्त अडलेलं असतं, त्याची भरपाई म्हणून प्रवाह आपोआप वाढतो. एफएफआरला यामुळे फारसं बिघडत नाही, पण विश्रांतीचे आकडे, म्हणजे विश्रांतीतला पीडी/पीए, आयएफआर आणि सीएफआर (औषधाने प्रवाह विश्रांतीच्या किती पट होतो ते), यांची वाट लागते.

७. विश्रांतीचं मोजमाप घ्या. थर्मोडायल्यूशन करायचं असेल तर विश्रांतीचे बोलस (सलाइनच्या झटपट दिलेल्या मात्रा) इथेच द्या.

८. अडेनोसिन सुरू करा. दोन मिनिटांच्या आत आलेख स्थिर होतो. पीडी आणि पीए यांचं सर्वांत कमी स्थिर गुणोत्तर म्हणजे एफएफआर. खोकला, जांभई किंवा एक्स्ट्रा ठोक्यामुळे आलेला खड्डा वाचू नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये जास्त ठोक्यांची सरासरी घ्या.

९. गाइड जरा बाहेर काढा. तो धमनीच्या तोंडात रुतून बसला असेल तर पीए कमी दिसतो, प्रवाहही अडतो आणि एफएफआर खोटा चांगला येतो. पीएचा आलेख व्हेंट्रिकलसारखा दिसू लागला किंवा त्यातली खाच गेली तर हेच कारण.

१०. औषध चालू असतानाच तार सावकाश, सेकंदाला साधारण १ मिलिमीटर वेगाने मागे ओढा. फ्लुओरोस्कोपीवर सेन्सर स्टेंटच्या दोन्ही टोकांपाशी आला की खूण नोंदवा.

११. सेन्सर गाइडच्या तोंडाशी आला की गुणोत्तर पाहा, म्हणजे ड्रिफ्ट (सेन्सरचं भरकटणं) कळतो. ते ०.९७ ते १.०३ मध्ये असावं. बाहेर असेल तर पुन्हा समान करून सगळं पुन्हा मोजा. स्टेंटनंतरच्या मोजमापात ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते आणि तिथेच ती सर्वांत महत्त्वाची असते, कारण इथे निर्णय ०.८८ की ०.९२ अशा फरकावर होतो.

थंड सलाइनच्या पायऱ्या

सेन्सर गाइडच्या टोकापासून किमान ६ सेंटिमीटर पुढे असावा. जवळ असेल तर सलाइन रक्तात मिसळण्याआधीच त्याच्यावर आदळतं. खोलीच्या तापमानाचं सलाइन ३ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरा. भरून ठेवलेली सिरिंज मुठीत धरून उभे राहू नका, ती गरम होते. गाइड आधी सलाइनने भरून घ्या, नाहीतर पहिल्या बोलसमध्ये उरलेला डाय आत जातो. तो कोमट असतोच, शिवाय स्वतः प्रवाह वाढवतो.

विश्रांतीत तीन बोलस, हायपरेमियात (अडेनोसिनने प्रवाह वाढलेला असताना) तीन. प्रत्येक वेळी झटकन, एका दमात. हळू ढकललं तर वक्र पसरतो. दोन उंचवटे दिसले तर गाइड नीट बसलेला नाही, किंवा हात मध्ये थांबला. तीनपैकी एक वेळ इतर दोन वेळांपासून फार लांब असेल, साधारण २० ते ३० टक्क्यांहून जास्त, तर तो वक्र टाकून नवा घ्या. तोच सोयीस्कर वाटतो म्हणून ठेवू नका. दोन्ही टप्प्यांत सेन्सर एकाच जागी असला पाहिजे. अडेनोसिनने श्वास वाढतो, तार सरकते, म्हणून हायपरेमियाच्या बोलसआधी जागा एकदा पाहून घ्या.

हिशेब सोपा आहे. सीएफआर म्हणजे विश्रांतीची सरासरी वेळ भागिले हायपरेमियाची सरासरी वेळ. आयएमआर म्हणजे हायपरेमियातला पीडी गुणिले हायपरेमियाची सरासरी वेळ. ही कल्पना २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम फिअरन आणि सहकाऱ्यांनी मांडली. मोठा अडथळा असताना दुसऱ्या धमन्यांकडून येणाऱ्या रक्तामुळे आयएमआर फुगतो, म्हणून तिथे सुधारित सूत्र लागतं. स्टेंटने अडथळा उघडल्यावर ही अडचण बरीच कमी होते.

दोन आकडे शेजारी ठेवून

समजा स्थिर अंजायनाचा एक रुग्ण. हायपरेमियात पीए ८६, पीडी ७८, म्हणजे एफएफआर ०.९१. विश्रांतीच्या वेळा ०.७०, ०.६६, ०.७४, सरासरी ०.७०. हायपरेमियाच्या ०.२२, ०.२४, ०.२०, सरासरी ०.२२. सीएफआर ३.२, आयएमआर १७. धमनी मोकळी, सूक्ष्म वाहिन्याही निरोगी.

आता हृदयाच्या पुढच्या भागाच्या झटक्याचा रुग्ण. पीए ८४, पीडी ८०, एफएफआर ०.९५. नुसता हा आकडा पाहिला तर पहिल्यापेक्षा सरस वाटतो. पण हायपरेमियाच्या वेळा ०.६२, ०.५८, ०.६६, सरासरी ०.६२, म्हणजे आयएमआर जवळजवळ ५०. विश्रांतीची सरासरी ०.८७, सीएफआर १.४. या रुग्णात दाब पडत नाही कारण रक्त पुढे जातच नाही. अहवालात फक्त ०.९५ लिहिलं, तर तो आकडा खरा असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

आयएमआर २५ च्या खाली सामान्य धरतात. स्टेमीमध्ये ४० ही महत्त्वाची पातळी आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५३ रुग्णांच्या अभ्यासात आयएमआर ४० च्या वर असलेल्यांपैकी १७.१ टक्के रुग्ण वर्षभरात मरण पावले किंवा हार्ट फेल्युअरने पुन्हा दाखल झाले. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ६.६ टक्के होतं. सीएफआर २ च्या खाली असेल तर कमीच म्हणा, पण कारण ठरवण्याआधी विश्रांतीची वेळ पाहा. ताप, भीती, रक्तक्षय, बलूननंतरचा वाढीव प्रवाह यांनी विश्रांतीचा प्रवाहच वाढलेला असेल तर सूक्ष्म वाहिन्या चांगल्या असूनही सीएफआर पडतो. आयएमआरवर याचा परिणाम फारसा होत नाही.

एफएफआरसाठी सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा पाइल्स आणि सहकाऱ्यांचा, २००२ चा, ७५० रुग्णांचा. सहा महिन्यांतले त्रास असे होते: ०.९५ च्या वर ४.९ टक्के, ०.९० ते ०.९५ मध्ये ६.२ टक्के, ०.९० च्या खाली २०.३ टक्के, आणि ०.८० च्याही खाली २९.५ टक्के. तेव्हाचे स्टेंट औषध नसलेले होते, त्यामुळे आजच्या रुग्णाला हेच टक्के लावू नका. दिशा मात्र पुढच्या अभ्यासांतही तीच राहिली. म्हणून ०.९० हे लक्ष्य धरायचं, पण आंधळेपणाने नाही.

एलएडी या लक्ष्याला बरेचदा पोहोचत नाही, आणि त्यामागे काही अंशी साधं भौतिकशास्त्र आहे. रुग्ण पाठीवर झोपलेला असतो, एलएडीचं टोक महाधमनीपेक्षा वर असतं. रक्ताच्या १ सेंटिमीटर उंचीला सुमारे ०.७७ मिलिमीटर पारा एवढा दाब जातो. टोक ५ सेंटिमीटर वर असेल तर जवळजवळ ४ मिलिमीटर असेच गेले, आणि पीए ९० असताना एफएफआर ०.०४ ने कमी दिसला. सर्कमफ्लेक्स मागे, खाली असते, तिथे उलट होतं. कधी गुणोत्तर १ च्या वरही जातं आणि नवखा तंत्रज्ञ यंत्र बिघडलं म्हणतो. त्यामुळे एलएडीतला ०.८६ आणि सर्कमफ्लेक्समधला ०.८६ एकाच मापाने तोलू नका. दुसऱ्यात काहीतरी राहून गेलं असण्याची शक्यता बरीच जास्त.

एफएफआर कमी आला तर

पुलबॅकशिवाय काही करू नका. आलेखात तीनपैकी एक चित्र दिसतं.

स्टेंटच्या आतच उडी असेल, साधारण ०.०५ किंवा जास्त, तर स्टेंट पुरता उघडलेला नाही असं धरा. धमनीच्या आतून चित्र घेणारं आयव्हस (अल्ट्रासाउंड) किंवा ओसीटी (प्रकाश) घाला. स्टेंटच्या आतलं सर्वांत कमी क्षेत्रफळ आयव्हसवर ५.५, ओसीटीवर ४.५ चौरस मिलिमीटरच्या वर आणि स्टेंटचं उघडणं शेजारच्या संदर्भ भागाच्या ८० टक्क्यांच्या वर असावं, हे मुख्य डाव्या धमनीखेरीज बाकी ठिकाणी. नॉन-कंप्लायंट बलून जास्त दाबाने फुगवा आणि पुन्हा मोजा. कॅल्शियममुळे बलूनची कंबर तशीच राहत असेल तर दाब वाढवत राहण्यात धमनी फाटण्याचा धोका आहे. खरं तर कॅल्शियमचा विचार स्टेंटच्या आधी व्हायला हवा होता.

स्टेंटच्या बाहेर एका जागी उडी असेल तर तिथे कड फाटली आहे, की आधीचाच अडथळा निसटला आहे, हे इमेजिंगने पाहा. तार सरळ झाल्याने वळणदार धमनीत चुण्या पडून खोटा अडथळाही दिसतो. तारेचा मऊ भाग तिथे आणून पुन्हा चित्र घ्या, चुणी असेल तर जाते. खरा अडथळा असेल आणि जागा स्टेंटला योग्य असेल तरच दुसरा स्टेंट. डिफाइन पीसीआयमध्ये उरलेल्या इस्केमियापैकी सुमारे ८० टक्के असाच एका जागी होता, म्हणजे शोधल्यास सापडण्यासारखा.

दाब धमनीभर हळूहळू उतरत असेल तर थांबा. आकडा सुधारायला स्टेंट जोडत जाण्याचा मोह इथेच होतो. ग्लासगोच्या टार्गेट एफएफआर अभ्यासात, २६० रुग्णांमध्ये, दाबाच्या आधाराने सुधारणा करूनही ०.९० गाठणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३८ टक्क्यांवर गेलं, आणि तो फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता. ०.८० किंवा त्याखाली राहणारे मात्र २९.८ वरून १८.६ टक्क्यांवर आले. आमचं मत स्पष्ट आहे: हे मोजमाप अगदी वाईट निकाल पकडायला उपयोगी आहे, प्रत्येक धमनीला ०.९० वर ओढायला नाही. पसरलेल्या आजारात स्टॅटिन आणि अंजायनाची औषधं नीट बसवणं जास्त कामाचं.

आयएमआर जास्त आला तर

आधी मापनातली चूक वगळा: हळू बोलस, अपुरं अडेनोसिन, जवळ राहिलेला सेन्सर. डाय दिसायलाच मंद असेल तर नो-रिफ्लोचे (धमनी उघडूनही प्रवाह न येण्यावरचे) नेहमीचे उपाय, म्हणजे धमनीत अडेनोसिन, नायट्रोप्रुसाइड किंवा व्हेरापामिल, शक्यतो मायक्रोकॅथेटरमधून खालच्या भागात द्या आणि रक्तदाब पाहून मात्रा ठरवा.

आयएमआर खाली आणून रुग्ण वाचतो असा पक्का उपाय आजही हातात नाही. ब्रिटनमधल्या टी-टाइम चाचणीत, ४४० रुग्णांमध्ये, धमनीत कमी मात्रेचं अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध देऊन पाहिलं, पण सूक्ष्म वाहिन्यांचा अडथळा कमी झाला नाही. म्हणून हा आकडा उपचारापेक्षा देखरेख ठरवायला वापरा. ४० च्या वर असलेल्या रुग्णाला तिसऱ्या दिवशी घरी पाठवण्याची घाई नको. घरी जाण्याआधी एको करा, हृदय कमकुवत होण्यावरची औषधं लवकर सुरू करा आणि पुढची भेट आठ-दहा दिवसांत ठेवा. घरच्यांना वजन रोज बघायला आणि पाय सुजले, रात्री धाप लागली तर लगेच यायला सांगा.

सतत थर्मोडायल्यूशन

प्रवाह मिनिटाला किती मिलिलिटर हे थेट हवं असेल तर रेफ्लो नावाचा खास कॅथेटर लागतो. त्यातून सलाइन ठरलेल्या वेगाने सोडतात: विश्रांतीसाठी मिनिटाला १० मिलिलिटर, हायपरेमियासाठी १५ ते २०. या दुसऱ्या वेगाने सलाइनच सूक्ष्म वाहिन्या उघडतं, अडेनोसिन लागत नाही. सूत्र असं: प्रवाह = १.०८ × (आत सोडलेल्या सलाइनच्या तापमानातली घट ÷ मिसळलेल्या रक्ताच्या तापमानातली घट) × सोडण्याचा वेग. घट ४.० आणि ०.४ अंश असेल, वेग २०, तर प्रवाह मिनिटाला २१६ मिलिलिटर. आत सोडलेल्या सलाइनचं तापमान सर्वांत शेवटी, सेन्सर कॅथेटरच्या तोंडाशी ओढून मोजतात. हाताच्या बोलसपेक्षा आकड्यांत चढउतार कमी, पण खर्च जास्त. स्टेंटनंतरच्या रोजच्या कामाला याची गरज क्वचितच पडते.

नोंद

अहवालात एवढं तरी लिहा: धमनी, सेन्सरची जागा, औषधाचं नाव, मात्रा आणि मार्ग, पीए, पीडी, विश्रांतीचं गुणोत्तर, एफएफआर, स्टेंटमधली घट, सहाही वेळा, सीएफआर, आयएमआर, शेवटचा ड्रिफ्ट. ‘एफएफआर ०.८७’ एवढंच लिहिलेलं कार्ड घेऊन रुग्ण आठ महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात गेला, तर तिथल्या डॉक्टरला सेन्सर कुठे होता हे कळणार नाही, आणि नव्या ०.८३ शी त्याची तुलना करता येणार नाही. डिस्चार्ज कार्डासोबत पुलबॅकच्या आलेखाची प्रत जोडा.